परदेशी पाहुण्यांचे मंडळ कसे काढावे?

गावात गणेशोत्सव मंडळ आहे, भिशी आहे, हास्यक्लब आहे, आणि तरीही तुमची संध्याकाळ रिकामी जात असेल, तर परदेशी पाहुणे घरी उतरवून घेणारे व पुढे त्यांच्या घरी जाऊन उतरणारे मंडळ काढा. कल्पना जुनी आहे. ब्राझीलमध्ये मिशनरी म्हणून काम केलेल्या वेन स्मिथ यांची 'फ्रेंडशिप फोर्स' ही योजना जिमी कार्टर यांनी 1 मार्च 1977 रोजी व्हाइट हाउसमध्ये राज्यांच्या गव्हर्नरांसमोर जाहीर केली. त्याच वर्षी 5 जुलैला अटलांटाचे 381 लोक इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आणि तितकेच न्यूकॅसलकर अटलांटाला निघाले. मुक्काम दोन्हीकडे लोकांच्या घरी. तुम्हाला गव्हर्नर मिळणार नाहीत, आणि नगरसेवक बोलावण्याची गरज नाही.

1. पदे वाटा. संस्था नोंदणी अधिनियम 1860 नुसार सात सभासद पुरतात. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार आणि मार्गदर्शक मिळून सात होतात. आता आठवा शोधा, ज्याच्या घरी एक खोली रिकामी आहे. त्याला पद देऊ नका, नाहीतर तोही नुसता बैठकांना येऊ लागेल.

2. पद्धत ठरवा. 1949 साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या 'सर्व्हास'मध्ये एकटादुकटा प्रवासी येतो, साधारण दोन रात्री राहतो, आणि राहण्याचे पैसे कोणी घेत नाही. फ्रेंडशिप फोर्समध्ये अख्खा गट येतो आणि जवळपास आठवडाभर राहतो. पहिल्या पद्धतीत काम कमी, दुसरीत बैठका जास्त. म्हणजे तुम्ही दुसरीच निवडणार.

3. घरे मोजा. सभेत "पाहुणे कोण ठेवणार?" विचारले की सगळे हात वर जातात. लगेच फॉर्म वाटा: कमोड आहे का, जिने किती, कुत्रा-मांजर आहे का, घरात कोणी सिगारेट ओढते का? दुसऱ्या दिवसापासून कोणाकडे रंगकाम निघते, कोणाच्या मुलीची बारावी असते. रागावू नका. ज्याला मुक्काम जमत नाही त्याला एक दिवस गाव फिरवायचे काम द्या किंवा एका रात्रीचे जेवण द्या. जगभरचे असे क्लब याच वाटणीवर चालतात.

4. सरकारला कळवा. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी विभागाला ऑनलाइन द्यावी लागते. हा नियम हॉटेलांना आहे, तसा घरांनाही. "अहो, मित्रच आहे, पोलिसांना कशाला सांगायचं?" म्हणणारा यजमान प्रत्येक मंडळात एक असतो. त्याचा फॉर्म सचिवाने त्याच्यासमोर बसून भरून घ्यावा. परकी देणगी मंडळाच्या खात्यात घ्यायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते. पाहुण्यांकडून चॉकलेटे तेवढी घ्यावीत.

5. पाहुणा सांभाळा. अस्सल मराठी यजमान नवा डिनर सेट काढतो, नवे पडदे लावतो आणि मुख्य गोष्ट सांगायला विसरतो: गीझरचे बटण बाथरूमच्या बाहेर आहे. पाहुणा आत बादली आणि मग बघत उभा राहतो, थंड पाण्याने अंघोळ करतो आणि बाहेर येऊन "व्हेरी नाइस" म्हणतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी बटण स्वतः दाबून दाखवा. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी पोहे टेबलावर येण्याआधी विचारा.

पुढचा पेच आग्रहाचा. आपल्याकडे पहिले "नको" रीत म्हणून, दुसरे संकोचाने आणि तिसरे खरे. पाहुण्याचे पहिलेच खरे असते. तरीही काकू पोळी वाढतात, तो भिडेने संपवतो, काकूंना वाटते आवडली, आणि चौथी येते. गावोगावच्या मैत्रीला सर्वांत मोठा धोका या चौथ्या पोळीपासून आहे.

6. सत्कार आवरा. शाल, श्रीफळ, पाच भाषणे आणि आभारप्रदर्शन. पाहुणा ऑस्ट्रेलियाचा असेल, तर तो नारळ त्याला तिथल्या विमानतळावर जाहीर करावा लागेल, आणि तुमच्या प्रेमाची तपासणी जैवसुरक्षा अधिकारी करील. त्यापेक्षा त्याला सकाळी भाजी आणायला सोबत न्या. कोथिंबिरीची जुडी हातात धरून मावशींशी चाललेली घासाघीस तो घरी गेल्यावर चारचौघांना सांगेल. अध्यक्षांचे भाषण सांगणार नाही.

7. परतफेड करा. इथे निम्मी मंडळे अडतात. बोलावणे येते तेव्हा आपण मेतकूट, लोणचे आणि चिवड्याची बॅग भरून निघतो आणि तिकडच्या घरात आपलेच घर मांडतो. तसे करू नका. ते बारा वाजता गार सँडविच देतील, ते खा. संध्याकाळी सहालाच जेवायला बसवतील, बसा. आपल्या चुकीच्या इंग्रजीला ते हसणार नाहीत. आपण त्यांच्या "नमस्टे"ला हसलो होतो, एवढे लक्षात ठेवा.

मंडळ टिकेल की नाही, हे घटनेवरून किंवा लेटरहेडवरून ठरत नाही. यजमान पाहुण्यासमोर रोजच्यासारखा वागू शकतो का, यावर ठरते. तेव्हा नवे पडदे घेऊ नका. खोली झाडा, धुतलेली चादर घाला, घराची एक किल्ली पाहुण्याच्या हाती द्या, आणि पहिली बैठक त्यानंतर बोलवा.