सावित्स्कींची चौथाई

इवान शिश्किन यांच्या ‘पाइनवनातील सकाळ’ या 1889 सालच्या जगद्विख्यात चित्रातील अस्वले शिश्किन यांची नसून त्यांचे स्नेही कॉन्स्तान्तीन सावित्स्की यांच्या कुंचल्यातून उतरली आहेत, हे कळल्यापासून मी सावित्स्की यांना आपल्या भाऊबंदांत धरू लागलो आहे. या सोयरिकीला त्यांची संमती घेता आली नाही, कारण ते 1905 सालीच निवर्तले. चित्र चार हजार रुबलांना गेले आणि त्यांतले एक हजार सावित्स्कींच्या वाट्याला आले, म्हणजे हिशेब चोख चौथाईचा, व चौथाईबद्दल मराठी माणसाने तरी कुरकुर करू नये. परंतु संग्राहक पावेल त्रेत्याकोव्ह यांनी, चित्रात सर्वत्र शिश्किन यांचीच शैली दिसते असा निवाडा देऊन, सावित्स्कींची सही पुसून टाकविली. वसूल मिळाला, सनद जप्त झाली! वास्तविक रशियातील सामान्य माणूस या चित्राला ‘तीन अस्वले’ म्हणतो (आहेत चार, पण जिव्हाळ्याला खानेसुमारीचे वावडे असते), आणि ‘मिश्का कोसोलापी’ या मिठाईच्या वेष्टनावर पिढ्यानपिढ्यांची पोरे पाहत आली तीही अस्वलेच. वृक्ष आपले पाठीमागे उभे.

मीही विनोदी लेखक असल्याने या प्रकरणी निःपक्षपाती राहू शकत नाही. सभासंमेलनांत पाइनवृक्षांची भाषणे झाल्यावर, श्रोते चपला शोधू लागले की, अध्यक्ष माझ्याकडे वळून ‘आता आपण थोडे हसवा’ असे फर्मावतात.

अशा वेळी मला गेना आठवतो. एदुआर्द उस्पेन्स्की यांच्या 1966 सालच्या पुस्तकातून रोमान काचानोव्ह यांच्या बाहुलीपटात आलेला हा नक्र प्राणिसंग्रहालयात ‘मगर’ याच हुद्द्यावर नोकरीस आहे. नेमल्या वेळी तो कामावर रुजू होतो, दिवसभर मगरपणा करतो, आणि सुटी झाली की टोपी-कोट चढवून पाइप ओढीत घरी जाऊन एकट्याशीच बुद्धिबळ मांडतो! जगातील यच्चयावत नोकरशाहीचे इतके निर्मळ वर्णन मी अन्यत्र वाचलेले नाही, कारण आपल्या कचेऱ्यांत माणूस आहे त्याहून निराळा कोणी असल्याबद्दल पगार घेतो आणि गेना मात्र आहे तोच असल्याबद्दल घेतो. पुढे एकटेपणाला कंटाळून तो गावभर जाहिराती चिकटवितो, की पन्नास वर्षांच्या तरुण मगरीला मित्र हवे आहेत. त्यातले ‘तरुण’ हे विशेषण मी कितीदा तरी पडद्यावर थांबवून पाहिले आहे, आणि आमच्या घरातील काही मंडळी माझ्या बाबतीत त्याला जी हरकत घेतात ती निव्वळ मत्सरापोटी असावी अशी माझी धारणा आहे. जाहिरात वाचून येतो तो चेबुराश्का: संत्र्यांच्या खोक्यातून निघालेला, प्राणिशास्त्रात नोंद नसल्यामुळे प्राणिसंग्रहालयानेही नाकारलेला, मोठमोठ्या कानांचा जीव. लहान पोरे इथे हसतात. मला मात्र कोणत्याच रकान्यात न बसणाऱ्या त्या जिवाला पाहून दरवेळी चष्मा पुसावा लागतो, आणि ज्यांनी असले जीव घडविले त्यांना करमणुकीच्या खात्यात जमा धरणाऱ्यांची खरोखरच चीड येते.

न्याय झाला तो एकट्या क्रिलोव्हचा. पीटर्सबर्गच्या उन्हाळी बागेत 1855 साली क्लोद्त यांनी उभारलेल्या स्मारकात हा नीतिकथाकार वर सुस्त बसला आहे आणि चौथऱ्याभोवती माकड, अस्वल, कोल्हा आदी त्याच्याच पात्रांचा गोतावळा दाटला आहे. पोरे वर पाहतच नाहीत, तरी ती येतात. कीर्तीचा एवढा हिस्सा मलाही चालेल. माझ्या चौथऱ्यावर कोणकोणते प्राणी असावेत याची यादी मी करून ठेवली आहे. ती वाचून सौभाग्यवतींनी इतकेच सुचविले की कावळा तेवढा खोडावा. तो आपण होऊन येईल, आणि चौथऱ्यावर न बसता थेट डोक्यावर बसेल.