रुंदीला वाली कोण?

चहा घ्या, बसा. प्रकरण लांबत नाही, एवढे आश्वासन देतो. प्रकरण रुंद आहे.

आपण दोघेही उपनगरातले, तेव्हा सोशिकपणाबद्दल वेगळे सांगायला नको. घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकलच्या पुलाकडे सरकताना काय होते, पावसाळ्यात अंधेरी सबवेचे काय होते, एलबीएस रोडचे बारा महिने काय होते, यावर मी आजवर चकार शब्द काढलेला नाही. सगळ्यांना होणाऱ्या त्रासाबद्दल एकट्याने ओरडणे मला बरे दिसत नाही. पण मुलुंडला आमच्या सोसायटीच्या स्टिल्टखाली, दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मध्ये जे चालले आहे, त्यात मोटार उद्योग, केंद्राचे अर्थखाते आणि आमची मॅनेजिंग कमिटी अशा तिघांचा हात आहे. कागदपत्रे माझ्याकडे आहेत.

हकिकत अशी. २०२५च्या दसऱ्याला शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली. कंपनीचे नाव घेत नाही, माझे भांडण व्यक्तिगत नाही. शोरूममध्ये लाल कापड ओढून गाडीचे मुखदर्शन करतात, केक कापतात, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात, तो सगळा सोहळा मी ग्रुपवर पाहिला आणि अंगठा दिला. पेढाही खाल्ला. पेढा खाल्ल्याने हरकत नोंदवण्याचा हक्क बुडतो का, हे मी एका वकील मित्राला विचारून घेतले आहे. बुडत नाही.

संध्याकाळी गाडी खाली आली आणि पट्ट्यात उभी राहिली. म्हणजे पट्टे दिसेनासे झाले. माझी जागा तिच्या डावीकडे, आणि माझ्या डावीकडे इमारतीचा पिलर. आता शेजाऱ्यांना उतरायचे तर उजवे दार उघडायला हवे, म्हणून ते गाडी डावीकडे दाबून लावतात. ती डावी बाजू म्हणजे माझी उजवी बाजू, आणि माझ्या गाडीचे स्टिअरिंग नेमके तिकडेच आहे. सबब मी गिअरवरून पाय टाकून, हँडब्रेकला वळसा घालून डाव्या दाराने उतरतो आणि पिलरला मिठी मारून बाहेर पडतो. डॉक्टरांनी गुडघ्याला व्यायाम सांगितला होता. हा त्यांच्या यादीत नव्हता.

आता आकडे घ्या. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत छोट्या मोटारीच्या पार्किंगचे माप २.३ मीटर बाय ४.५ मीटर दिले आहे. आमचे पट्टे तेवढेच. या जागेत जुनी मारुती ८०० उभी केली, तर तिची रुंदी १.४४ मीटर, म्हणजे ८६ सेंटिमीटर मोकळे. त्यात माणूस उतरेल, पिशवी उतरेल, रागावलेली सासूसुद्धा सन्मानाने उतरेल. शेजाऱ्यांची गाडी १.८ मीटर. उरले ५० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना वाटले तर पंचवीस-पंचवीस. पंचवीस सेंटिमीटरमधून आजच्या काळात फक्त कुरिअरवाल्याचा हात जातो.

बरे, हे १.८ मीटरही खरे नाहीत. ब्रोशरमधली रुंदी आरसे वगळून मोजलेली असते. आपल्याकडे बाल्कनी एफएसआयमध्ये धरायची नाही म्हणून बिल्डरांनी पूर्वी बाल्कन्या काढल्या आणि लोकांनी पुढे त्यांच्या खोल्या केल्या, त्यातलाच हा प्रकार. शेजाऱ्यांचा डावा आरसा पिवळा पट्टा ओलांडून माझ्या हवाई हद्दीत येतो. किल्लीचे बटण दाबले की तो मिटतो हे खरे, पण शेजाऱ्यांना तो उघडाच आवडतो. त्याच्याखाली रात्री दिवा लागतो आणि जमिनीवर कंपनीचे चिन्ह उमटते. ते माझ्या जागेत उमटते.

तुम्ही म्हणाल, मोठी गाडी घेतली तर असे व्हायचेच. इथेच तर मेख आहे. कायद्याच्या लेखी ही छोटी गाडी आहे! २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणले, तेव्हा छोटी म्हणजे काय याची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन अमुक सीसीपर्यंत. झाले, सगळा उद्योग टेप घेऊन लांबी मोजायला बसला. टाटांनी इंडिगोची मागची बाजू कापून २००८ मध्ये इंडिगो सीएस काढली. डिझायरनेही २०१२ मध्ये डिकी आवरून स्वतःला ३९९५ मिलिमीटरमध्ये बसवले. आज नेक्सॉन पाहा, ब्रेझा पाहा, सोनेट पाहा, सगळ्यांची लांबी ३९९५. सरकारसाठी पाच मिलिमीटर सोडलेले आहेत, याबद्दल मला कौतुकच आहे. पण रुंदी? व्याख्येत रुंदीबद्दल अवाक्षर नाही. मग मागून जे कापले गेले ते कुशीतून बाहेर आले. तीन दारांची थार ३९८५ मिलिमीटर लांब आणि १८२० रुंद आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. छोट्या गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के. व्याख्या मात्र तीच, लांबी आणि सीसी. शेजाऱ्यांनी दसऱ्यापर्यंत थांबून सवलत घेतली, त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केले असते. पण जी गाडी माझ्या दाराला टेकते तिला लहान म्हणून करात सूट मिळावी, यामागचे राजकोषीय धोरण मला कोणीतरी शेजारच्या पिलरजवळ उभे राहून समजावून सांगावे.

पूर्वी असे नव्हते. पद्मिनी आपल्याच कुर्ल्यात, प्रीमियरच्या कारखान्यात व्हायची. रुंदी दीड मीटरही नाही. पुढे अखंड बाक आणि गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे उजवे दार अडले तर माणूस बाकावरून सरकत सरकत डाव्या दाराने उतरायचा आणि कोणाला कळायचेही नाही. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांनी रकानेच्या रकाने लिहिले. काळापिवळा रंग, मीटर, आठवणी. सरकून उतरायची सोय गेली, याची नोंद एकानेही घेतली नाही.

आणि पुढे काय वाढून ठेवले आहे? भविष्य विजेचे आहे म्हणतात. महिंद्राची बीई सिक्स नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, १.९ मीटर. टेस्लाने देशातले पहिले शोरूम जुलै २०२५ मध्ये आपल्या बीकेसीत उघडले. त्यांची मॉडेल वाय आरसे सोडून १.९२ मीटर. धूर नाही, आवाज नाही, तेल नाही. प्रदूषण संपले, आता फक्त गाडी उरली आहे.

वाहन प्रदर्शनांबद्दलही माझे म्हणणे आहे. दिल्लीत १९८६ पासून ऑटो एक्स्पो भरते. पुढे ते प्रगती मैदानातून ग्रेटर नोएडाला गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये भारत मोबिलिटीच्या नावाखाली तीन-तीन ठिकाणी भरले. बातम्यांतले फोटो बघा. गाडी फिरत्या चबुतऱ्यावर, वर दिवे, चहूबाजूंना मोकळी जागा, चारही दारे पंख पसरल्यासारखी उघडी. त्यातल्या एकाही गाडीच्या डावीकडे पिलर नाही. आधीच उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मध्ये नवी गाडी लावून, दार उघडून, पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाला भाजीच्या पिशवीसह उतरवून दाखवले, असा एकही कार्यक्रम या देशाच्या वाहन प्रदर्शनात झाल्याचे माझ्या वाचनात नाही. मुंबईत हे प्रदर्शन का भरत नाही, हे मला आता कळले आहे.

सनरूफला माझा पूर्वी विरोध होता. चार महिने पाऊस, उरलेले महिने ऊन आणि मेट्रोच्या कामाची धूळ असलेल्या शहरात छताला खिडकी कशाला, असे वाटायचे. तो विरोध मी आता मागे घेतो. दोन्हीकडची दारे उघडेनाशी झाली की वरूनच जावे लागणार, हे कंपन्यांनी आधीच ओळखलेले दिसते. या एका बाबतीत त्यांनी ग्राहकाचा विचार केला आहे.

न्यायालयात जावे का, हाही विचार केला. दहिसरच्या एका सोसायटीचे स्टिल्टचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि बिल्डरला स्टिल्टमधली जागा गॅरेज म्हणून वेगळी विकता येणार नाही, असा निकाल २०१० मध्ये लागला. म्हणजे जागा कोणाची, हे ठरले. मावायचे कोणी, हे तेव्हा कोणी विचारलेच नाही. मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक म्हणाले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे धोरण आणू. मी उठून बसलो. मग लक्षात आले, शेजाऱ्यांकडे जागा आहेच की. त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या दिवशी निघेल.

जपानमध्ये जागेचा दाखला कित्येक वर्षांपासून लागतो. त्यांच्या छोट्या ‘केई’ गाड्यांना लांबीबरोबर रुंदीचीही मर्यादा आहे, १.४८ मीटर. युरोपातल्या एका पर्यावरण संस्थेने नव्या गाड्या दर दोन वर्षांनी एक सेंटिमीटर रुंद होत असल्याचा हिशेब मांडला आणि तिकडे त्यावर चर्चा सुरू झाली. आमच्याकडे मी हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत, अध्यक्षांच्या परवानगीने मांडला. आधी लिफ्टच्या आरशावर पाऊण तास चर्चा झाली. मग माझे सगळे आकडे शांतपणे ऐकून घेतले गेले आणि सेक्रेटरी म्हणाले, “काका, तुमची गाडी लहान आहे ना? मग तुम्हीच जरा पिलरकडे सरका.” इतिवृत्तात एवढेच आहे, ‘सभासदांनी सहकार्य करावे.’

माझी बाजू घेणारे त्या इमारतीत एकच आहे, शेजाऱ्यांची गाडी. मागे घेताना ती माझ्या गाडीच्या जवळ आली की टुकटुक करते, आणखी जवळ आली की सलग ओरडते, पडद्यावर तांबड्या रेघा काढते. जागा पुरत नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून मान्य आहे. शेजारी आवाज बंद करतात.

परवा पुनर्विकासाच्या सादरीकरणाला आर्किटेक्ट आले होते. तळघरात पार्किंगचे दोन मजले, यांत्रिक, नकाशात प्रत्येक चौकोनात एक सुबक गाडी काढलेली. मी विचारले, ही कोणती गाडी? ते म्हणाले, “प्रतीकात्मक आहे, सर.” मी सांगितले, प्रतीक बदला. चौकोनात आजची गाडी काढा, आरशांसकट, आणि एक दार उघडे दाखवा, तोवर माझी संमती नाही. त्यावर मला समजावण्यात आले की २०१९ पासून ५१ टक्के सभासदांची संमती पुरते आणि त्या ५१ टक्क्यांत माझी गरज नाही.

तरीही हरकत लेखी दिली आहे. विषय, संदर्भ, २.३ मीटरचा हिशेब, सोबत उघड्या दाराची आकृती. सेक्रेटरींनी पोच दिली. एक प्रत उपनिबंधकांना, एक परिवहन खात्याला, एक अर्थखात्याला. एक शेजाऱ्यांच्या वायपरखाली ठेवणार होतो, पण पिलरकडून तिथवर हात पोहोचत नाही. ती स्पीड पोस्टने पाठवली आहे.