बारनिशीचे अण्णा

साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका सलूनमध्ये दर रविवारी सकाळी आठवड्याच्या राजकारणाचा निकाल लागतो. निकाल देणारे अण्णा. जिल्हाधिकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त; नोकरीची बरीच वर्षं बारनिशीत, आवक-जावक टपालाच्या टेबलावर गेलेली. दाढी ते घरीच करून येतात. इथे येतात ते फुकटच्या पेपरांसाठी आणि, खरं सांगायचं तर, आमचं अज्ञान बघायला.

राजकारणावर बोलणारे गावात पैशाला पासरी मिळतात. एकाचा मंत्रालयात ‘आतला माणूस’ असतो, दुसऱ्याला प्रत्येक गोष्टीमागे बारामती दिसते, तिसऱ्याला दिल्ली. अण्णा कुणामागे कोण आहे ते बघतच नाहीत. ते कागद बघतात. सही कुणाची, तारीख कुठली, प्रत कुणाला. पक्ष फुटो की सरकार पडो, त्यांच्या लेखी तो टपालात आलेला एक लखोटा.

२३ नोव्हेंबर २०१९ चा तो शपथविधी आठवा. फडणवीस आणि अजित पवारांनी सकाळी आठच्या सुमाराला शपथ घेतली आणि उभा महाराष्ट्र काकांनी पुतण्याला पाठवलं की पुतण्या आपणहून गेला, यावर भांडत बसला. अण्णांना काका-पुतण्यांत काडीचा रस नव्हता. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली, एवढं वाचून त्यांनी चष्मा काढला.

“पाच सत्तेचाळीस! आमचा शिपाई साडेदहाला कुलूप उघडायचा. हे टाइप कुणी केलं? तपासलं कुणी? जावक क्रमांक कुणी टाकला? भारतरत्न द्यायचं तर त्या कारकुनाला द्या.”

पंतप्रधानांनी खास अधिकार वापरला आणि मंत्रिमंडळाची मंजुरी नंतर घेतली, हे कळल्यावर तर ते मोहरलेच. “कार्योत्तर मंजुरी! आम्ही एकदा स्टेशनरीला घेतली होती, तर ऑडिटवाल्यांनी जीव खाल्ला.” चौथ्या दिवशी ते सरकार गडगडलं. अण्णांना वाईट वाटलं ते फक्त भल्या पहाटे उठवलेल्या त्या कारकुनाचं.

पुढे राज्याने त्यांना विषय कमी पडू दिला नाही. २०२२ च्या जूनमध्ये आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. आम्ही सगळे झाडी, डोंगर आणि हाटिलाच्या नकला करत होतो. अण्णा विचारत होते, “मुख्यालय सोडण्याची परवानगी घेतली होती का?” माजी मुख्यमंत्री फडणवीस उपमुख्यमंत्री झाले, अडीच वर्षांनी शिंदे मुख्यमंत्र्याचे उपमुख्यमंत्री झाले. “पदावनती! आमच्यात असं झालं की माणूस थेट मॅटमध्ये जायचा. हे पुष्पगुच्छ घेतात.” २०२४ च्या निकालानंतर, मुख्यमंत्री कोण हे ठरायच्या आत शिंदे आमच्याच जिल्ह्यातल्या दरे गावी आले आणि तापाने पडले. वाहिन्यांनी त्या तापात नाराजीचे अंश मोजले. अण्णांनी एका वाक्यात मिटवलं, “अर्जित रजा, तिला जोडून वैद्यकीय रजा. नाराजी रजेच्या नियमांत बसत नाही.”

शिवसेनेच्या अपात्रतेचे अर्ज २०२२ चे, त्यावर विधानसभा अध्यक्षांचा निकाल १० जानेवारी २०२४ चा, आणि अपात्र कुणीच नाही. ना या गटाचा, ना त्या गटाचा. वकिलांनी त्यावर तासन्‌तास चर्चा केली. अण्णांनी त्यावर हवेतच शेरा मारला: “दप्तरी दाखल.” मला विचाराल तर इतकं नेमकं विश्लेषण मी कुठल्याच अग्रलेखात वाचलं नाही.

मात्र अंदाज विचारायचा नाही. “कोण येईल, अण्णा?” म्हटलं की “आदेश निघाल्यावर बोलू.” त्यामुळे ते कधीच चुकत नाहीत, आणि हा गुण अंगी असलेला भाष्यकार महाराष्ट्रात दुसरा नाही.

२०२५ च्या जुलैत कृषिमंत्री कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळताना दिसल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. सलूनमध्ये हशा पिकला. वस्तरा थांबवावा लागला. अण्णा गंभीर. “हसता काय? पदस्थापना अनुभव बघूनच करतात.”

तेवढ्यात खुर्चीत मान टाकून बसलेला, कोरेगावकडचा असावा, एक शेतकरी फेसातूनच म्हणाला, “ते झालं वं अण्णा, पण शेतकऱ्याचं काय?”

अण्णांनी पेपराची घडी घातली. “तो आवकेत आहे. जावकेत कधी आलाच नाही.”

यावर कुणी हसलं नाही. अण्णा असं क्वचित बोलतात, आणि बोलले की लगेच चहा सांगतात.

आता वृत्तवाहिन्यांना नम्र विनंती. रोज रात्री पडद्यावर सहा चौकोन करून तुम्ही सहा माणसं एकदम ओरडायला लावता. त्यातला एक चौकोन अण्णांना द्या. ते ओरडणार नाहीत, कुणाला मध्येच तोडणार नाहीत, मानधनही मागणार नाहीत. प्रवासभत्ता मात्र नियमाप्रमाणे द्यावा लागेल, आणि निमंत्रण लेखी हवं, जावक क्रमांकासह.