रेडमी नोट नऊ, गुडघा!

शाळेतल्या पी.टी.च्या सरांचं निवृत्तीनंतर काय होतं, याची चौकशी आपण कधी करत नाही. गणिताचे सर शिकवण्या घेतात. चित्रकलेचे सर गणपतीत मखरं करतात. इंग्रजीच्या बाई सोसायटीच्या नोटिशीतल्या चुका लाल पेनानं सुधारतात. पी.टी.चे सर मात्र एका रात्रीत बिनकामाचे होतात. त्यांची सगळी सत्ता मैदान, फक्की, शिट्टी आणि घाबरायला तयार असलेली पोरं एवढ्यावर उभी असते, आणि यातलं शिट्टी सोडून काहीच घरी नेता येत नाही. मग ते सकाळी फिरायला जातात आणि पोक काढून चालणाऱ्या जगाकडे बघून हळहळतात. २५ मार्च २०२० पासून सगळा देश घरात बसला, फिरणंही बंद झालं, आणि या जमातीला झूम सापडलं. तेव्हापासून आपल्या ओळखीत कुठे ना कुठे एक 'ऑनलाइन सर' असतातच. आमचे साताऱ्याचे आहेत.

पहाटे साडेपाचला सर पडद्यावर येतात ते इस्त्रीच्या पांढऱ्या टी-शर्टात. टी-शर्ट आत खोचलेला, कमरेला पट्टा. सूर्यनमस्काराला पट्टा लागत नाही, पण पट्ट्याशिवाय सरांना शिकवता येत नाही. वर्गात निम्मे त्यांचेच जुने विद्यार्थी, म्हणजे आता पन्नाशी गाठलेली, पोटं सुटलेली पोरं. त्यांना सर 'अरे ए' म्हणतात. त्यांच्या बायकांना 'ताई', त्यांच्या आयांना 'काकू', आणि न्यू जर्सीतल्या सुनेला 'बाळ'. या पोरांतला एक हाडांचा डॉक्टर आहे. गुडघा कसा वाकवायचा हे सर त्याला रोज नव्यानं सांगतात आणि तो 'होय सर' म्हणतो.

पहिल्या दिवशी सरांनी सवयीप्रमाणे शिट्टी फुंकली. आम्हांला गाल फुगलेले दिसले, मानेच्या शिरा दिसल्या, आवाज काही आला नाही. झूमला माणसाचा आवाज तेवढा ओळखू येतो. मिक्सर, पंखा, कुत्रं आणि पी.टी.च्या सरांची शिट्टी त्याच्या लेखी एकच, गोंगाट. तो गोंगाट ते इमानेइतबारे दाबून टाकतं. ज्या शिट्टीनं तीस वर्षं अख्खी शाळा जागच्या जागी थिजवली, तिला एका फुकटच्या ॲपनं गप्प केलं. सरांनी तिसऱ्यांदा फुंकून पाहिली, मग ती टेबलावर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाक्यांत बोलायला सुरुवात केली. तोवर त्यांचं शिकवणं म्हणजे शिट्टी, हाताची खूण आणि 'गाढवा' एवढंच होतं. आता 'टाचा जमिनीवर, नजर समोर, श्वास घेत हात वर' असं कृतीच्या आधी बोलावं लागतं, कारण आवाज साताऱ्याहून निघून ठाण्याला पोचेस्तोवर अर्धी काकू खाली वाकलेली असते.

दुसरी अडचण हजेरीची. पडद्यावर प्रत्येक चौकटीखाली नाव येतं, पण ते माणसाचं नसून बहुधा फोनचं असतं. सरांना वाटलं, नाव लिहिलंय म्हणजे नाव असणार. त्यांनी हजेरी घेतली ती 'सॅमसंग', 'विवो', 'पप्पांचा आयपॅड' अशी. आणि मग भर वर्गात गर्जना झाली, "रेडमी नोट नऊ, गुडघा! गुडघा बोटांच्या पुढे जातोय!" या रेडमी नोट नऊ म्हणजे सांगलीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. स्वतःला कुणी दरडावतंय, हा अनुभव त्यांना बऱ्याच वर्षांनी येत होता. त्यांनी निमूटपणे गुडघा मागे घेतला.

मग नातवानं सरांना नाव बदलायची जागा दाखवली आणि सरांनी हुकूम काढला: नाव, गाव, दुखणं, तिन्ही लिहायचं. तेव्हापासून आमच्या चौकटींखाली 'सुनंदा, कोथरूड, डावा गुडघा', 'विलास, मिरज, मणका', 'काकू, ठाणे, बीपी' अशा पाट्या आहेत. एका ताईंनी दुखण्याच्या जागी 'नवरा' लिहिलं. सरांनी ते वाचलं, चेहरा न हलवता मान डोलावली, आणि त्यांना श्वसनाचे प्रकार दुप्पट दिले. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही हं. समोरचा माणूस खोलीत नसताना त्याला काय झेपतं हे कळायचा दुसरा उपाय कुठला? सरांचं बोलणं आता असं चालतं: "वाका. बीपीवाले अर्ध्यातच थांबा, डोकं खाली न्यायचं नाही. गुडघेवाले खुर्ची धरा. मानवाले छताकडे बघू नका, तिथे काही नाहीये."

छताचा विषय निघालाच आहे तर पंख्याबद्दल सांगतो. सुरुवातीला सरांना पंचवीस पंखे दिसायचे. लोक फोन जमिनीवर उताणा ठेवत आणि स्वतः त्याच्या भोवताली कुठेतरी व्यायाम करत. अधूनमधून एखादा तळहात चौकटीतून सरकून जाई, तेवढीच हजेरी. काही जण खिडकीला पाठ करून उभे राहत, ते उजाडल्यावर काळेठिक्कर होत; माणूस आहे एवढं कळे, वाकलाय का ताठ आहे ते कळत नसे. सरांनी एक अख्खा तास फक्त फोन कुठे ठेवायचा यावर घेतला. स्टुलावर डाळीचा डबा, डब्याला टेकवून फोन आडवा, कमरेच्या उंचीवर. तिथून तीन-चार ढांगा मागे यायचं. उजेड तोंडावर, पाठीमागे भिंत. आणि सतरंजी आडवी टाकायची, म्हणजे वाकलेल्या माणसाची पाठ बाजूनं दिसते. समोरून नुसता भांग दिसतो. त्या दिवशी कुणाचाही एक स्नायू हलला नाही, पण माझ्या मते सरांचा सगळ्यांत मोलाचा तास तोच होता.

उजव्या-डाव्याचा घोळ याहून मोठा. मैदानावर पोरांच्या समोर उभं राहून 'उजवा' म्हणायचं आणि स्वतः डावा उचलायचा, हे सरांच्या अंगात मुरलेलं. पण झूम सरांना त्यांचंच चित्र आरशासारखं उलटं दाखवतं आणि आम्हांला सरळ. सर स्वतःकडे बघत आणि गडबडत. मग आम्हांला सांगत, "खिडकीकडचा हात!" खिडकी प्रत्येकाच्या घरी वेगळ्या बाजूला. "घड्याळाचा हात!" पहाटे साडेपाचला घड्याळ कोण बांधतं? शेवटी दोन उपाय झाले. नातवानं सरांना स्वतःचं चित्र लपवून दिलं, आणि सरांनी आम्हांला उजव्या मनगटात रबर बँड घालायला लावला. आता 'रबरवाला हात वर' म्हटलं की पुणे, ठाणे, जर्सी, सगळीकडचा एकच हात वर जातो.

वर्गात पंचवीसच माणसं, हा सरांचा दंडक. कारण विचारलं तर ते शास्त्र सांगत नाहीत, पडदा दाखवतात. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर एका पानावर पंचवीस चौकटी मावतात, सव्विसावा माणूस दुसऱ्या पानावर जातो, "आणि दुसऱ्या पानावरचा माणूस झोपतो." सर प्रत्येक प्रकार दोनदाच करून दाखवतात. मग चष्मा चढवून लॅपटॉपजवळ येतात आणि बघत बसतात. त्या वेळी आम्हांला सरांचं फक्त नाक आणि एक भुवई दिसते. ही भुवई शिट्टीपेक्षा जहाल आहे. सगळे म्यूटवर असतात, कारण पंचवीस जणांनी एकदम 'एक, दोन, तीन, चार' म्हटलं तर प्रत्येकाचा 'तीन' वेगवेगळ्या वेळी येतो आणि शेवटी एकमेकांत अडकून बसतात. तरीही आकडे तोंडानं म्हणायचेच. आवाज बंद असला तरी सर ओठ बघतात. आमच्या विलासनं एकदा आकड्यांऐवजी च्युइंगम चघळलं, तर नाव घेऊन झाडणी झाली. वय वर्षं त्रेपन्न.

सरांच्या पुतणीचाही पुण्यात असाच वर्ग आहे. तिथे रंगीत दिवे, ठेक्याचं संगीत आणि भरभरून कौतुक असतं. शेकडो माणसं, सगळ्यांचे कॅमेरे बंद. ती मुलगी पाऊण तास जीव तोडून स्वतः व्यायाम करते आणि दिवसेंदिवस सुरेख होत चालली आहे. बघणाऱ्यांचं काय होतं, ते तिला दिसायची सोय नाही.

सरांच्या वर्गातला सगळ्यात कठीण प्रकार म्हणजे प्लँक, कारण तेव्हा सर इतिहास सांगतात. त्यांचं बी.पी.एड. अमरावतीचं, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजातलं. मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, हा सरांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग. तो त्यांच्या जन्माआधी घडला हा भाग वेगळा. आम्ही कोपरांवर तोललेले असताना सर त्या चमूला मुंबईहून बोटीत बसवतात. बोट एडनला लागते तेव्हा पोट थरथरायला लागतं. सुएझला घाम टपकतो. डॉक्टर पोरगा सहसा भूमध्य समुद्रात कोसळतो. बर्लिनला पोचल्याशिवाय खाली टेकायचं नाही, आणि सरांना घाई नसते. सूर्यनमस्कारांच्या वेळी औंधच्या राजेसाहेबांची गोष्ट असते. भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, राजा स्वतः पहाटे उठून नमस्कार घालायचा, "आणि तुला, बँकेच्या मॅनेजराला, बारा जड होतात?" औंध आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे उलट उत्तर देता येत नाही.

वर्ग बरोबर चाळीस मिनिटांचा. फुकटच्या झूमची मर्यादाच तेवढी. लोकांनी वर्गणी काढून सरांना पैशाचं झूम घेऊन देऊ केलं, ते त्यांनी साफ नाकारलं. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा असायचा. इथे पाच मिनिटं वर मिळतात. शिवाय घंटाच होणार नसेल तर तो तास कसला? तेहेतिसाव्या मिनिटाला शवासन लागतं, आणि त्यातून आम्हांला कुणी उठवत नाही. चाळीस मिनिटं भरली की मीटिंगच विझते. एकदा मी डोळे उघडले तेव्हा सव्वासात वाजले होते. जर्सीच्या सुनेचं गणित आणखी निराळं. आपले पहाटेचे साडेपाच म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे आठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळं मागे घेते आणि त्याच आठाचे सात होतात. दर वर्षी त्या संध्याकाळी ती तासभर उशिरा उगवते आणि बंद खोलीचं दार वाजवत बसते. अमेरिकेनं वेळ बदलली म्हणून साताऱ्यानं का बदलावी, असं सरांचं मत आहे.

पण सर खरे कळले ते ठाण्याच्या काकूंच्या दिवशी. वृक्षासन चाललं होतं. काकूंच्या चौकटीत सतरंजी होती, खुर्ची होती, काकू नव्हत्या. आमच्यातल्या कुणाच्याच ते ध्यानात आलं नाही. एका पायावर उभ्या माणसाला दुसऱ्याचं काय दिसणार? सर मध्येच थांबले. "सगळे खाली बसा." आवाज इतका शांत होता की डॉक्टरसुद्धा बसला. सरांकडे एक वही आहे. तीत प्रत्येकाच्या घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर असतो. काकूंच्या मुलाला फोन गेला. मिनिटभरानं तो बनियनवर, केस उभे, चौकटीत शिरला. त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं, खुर्चीमागे पाहिलं, काय शोधायचंय तेच न कळून सतरंजीचा कोपरा उचलून पाहिला. तेवढ्यात मागून काकू आल्या, हातात दुधाच्या दोन पिशव्या. "अहो सर, त्या मेल्यानं कालची एक पिशवी जास्त लावलीय!"

सर काही बोलले नाहीत. पाणी प्यायले. मग नियम सांगितला: चौकट सोडायची असेल तर आधी हात वर करायचा, सतरंजीवर नॅपकिन ठेवायचा आणि जायचं. परत आल्यावर पुन्हा हात. आणि मुलाला म्हणाले, "उठलाच आहेस तर उभा राहा आईशेजारी." तो तेव्हापासून रोज असतो. एका चौकटीत दोघं बसतात, त्यामुळे पंचवीसचा दंडक मोडला नाही.

शाळेत मी पाच वर्षं सरांच्या मैदानावर होतो, तेव्हा त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. आता त्यांना माझा उजवा खांदा कुठल्या कोनात अडकतो ते ठाऊक आहे, आणि आमच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटचा स्टार्टर गेलाय हेसुद्धा.

वर्ग सोमवार ते शनिवार असतो. सध्या जागा नाही. झालीच तर कळवीन. तोवर फोन डाळीच्या डब्याला टेकवून एकदा बघून ठेवा, त्यात तुम्ही दिसता का पंखा.