अण्णा, ती स्टेपनी पाठवू नका

कॉव्हेंट्री
शनिवार, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरीपर्यंत जेवढं होईल तेवढं

ती. अण्णा आणि सौ. आईस,


कुणाच्याही गाडीचं चाक निखळून दरीत गेलेलं नाही. इथे आसपास दरीच नाही. काकूने राजापुरात अर्जुनेच्या दोन्ही काठांवर काय पसरवलंय ते बेबीआत्याच्या फोनवरून कळलं. काकूच्या हकिगतीत जावई इस्पितळात आहेत आणि मी रस्त्याकडेला बसून रडतेय. रस्त्याकडेला बसले होते हे खरं, पण रडत नव्हते. आईच्या पार्सलातली आंबापोळी खात होते. तुमचा फोन आला तेव्हा हे सगळं सांगायचं होतं, पण तुम्ही "पैसे पाठवू का" म्हणत होतात, तुमच्यामागून आई "तिला आधी खाल्लं का विचारा" म्हणत होती आणि तिच्यामागून मालिका चालू होती.

झालं ते एवढंच की पंक्चर झालं. जावयांची ती लाल ट्रायम्फ स्पिटफायर, १९७८ सालची. दोघं बसतात, तिसरा डबा असला तरी तो मांडीवर घ्यावा लागतो. आई, "एवढ्या पैशात मोठी गाडी नसती का आली?" हे मी विचारून झालंय. तू परत विचारू नकोस, ते अजून तुझ्याबद्दल चांगलं बोलतात.

इथे चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला रस्त्याचा कर माफ होतो आणि फार फेरफार केलेले नसले तर वार्षिक तपासणीसुद्धा. माझीही चाळिशी उलटली, पण मला सगळे कर आणि सगळ्या तपासण्या अजून लागू आहेत. टायरच्या बाबतीत मात्र म्हातारपणाची सवलत नाही. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा खाली गेली की टायरमागे अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन गुण. चारही टायर गोटा निघाले तर दहा हजार! आपला बाळू ज्या टायरांवर वर्षानुवर्षं लांज्याला जाऊन येतोय, त्यांवर इथे त्याची वाडी लिलावात गेली असती.

कुकर झाला. पुढे लिहिते.

तर डिकीतली स्टेपनी काढली. नक्षी इतकी कोरी की जावई खुलले. मी टायरच्या बाजूवरचे बारीक आकडे बघितले. २००० सालापासून तिथे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ह्या बाईसाहेबांवर तीनच. म्हणजे गेल्या शतकातला माल! जमिनीला कधी टेकलाच नाही, म्हणून नक्षी शाबूत. बाजूला अंगठा दाबला तर रबराला भेगा. त्यात चाकाच्या डिस्कची कड गंजून पापुद्रे सुटलेले, वारा भरला तरी धरेना. मग ओढून नेणारी गाडी बोलावली आणि ती येईपर्यंत आंबापोळी.

(आई, बंड्याचं स्थळ मोडलं ते बरंच झालं. फोटोतच मुलीचे वडील सोफ्याचं प्लास्टिक काढू न देणारे दिसत होते. काकूला मात्र मी असं म्हणाले हे सांगू नकोस.)

नवा टायर घ्यायचा तर दुकानातलं पोर गाडीचा नंबर संगणकात टाकतं आणि संगणक टायर सांगतो. आमचा नंबर टाकल्यावर संगणक गप्प. गाडीवर १५५ एसआर १३ असं लिहिलंय म्हटलं, तर पोराने १५५/७० आर १३ काढून ठेवला, "तेच ते." तेच ते कसं असेल? जुन्या टायरवर उंचीचा टक्का लिहीत नसत, कारण तो ऐंशीच्या आसपास धरलेलाच असे. १५५ मिलिमीटर रुंदीच्या ऐंशी टक्के उंची दोन्हीकडून धरा, त्यात तेरा इंचांची डिस्क मिळवा, चाक ५७८ मिलिमीटरचं होतं. त्याचं ते सत्तरवालं ५४७ चं, जवळजवळ सव्वा इंच बुटकं. मागच्या धुऱ्यावर एक बाजू बुटकी बसवली तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला क्षणाची उसंत नाही, आपल्याकडे दोन सुनांमध्ये सापडलेल्या सासऱ्यासारखं. उलट १७५/७० आर १३ घेतला तर ५७५ चा, तीनच मिलिमीटरांचा फरक, पण तो रुंद. कमानीला घासेल की नाही यावर जावई दोन रात्री कागदावर वर्तुळं काढत बसले. भूमितीत त्यांना किती मार्क होते ते एकदा त्यांच्या आईला विचारायला हवं.

मी म्हटलं, वापरलेला घेऊ, स्वस्तात पडेल. त्यालाही कायदा आहे. वापरलेला टायर विकायचा तर नक्षी निदान दोन मिलिमीटर हवी, आणि तो वापरलेला असल्याचा शिक्का त्याच्यावर ठळक अक्षरांत मारायचा, अक्षरं चार मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाहीत. शिक्केवाला टायर ह्या मापात मिळाला नाही. बिनशिक्क्याचा एक मिळत होता, पण त्या माणसाकडे बघून मला आपल्या त्या नारळवाल्याची आठवण आली. तोच, वरचे चार चांगले आणि खाली सगळे खवट.

आता किंमत. अण्णा, टेकून बसा. जुन्या गाड्यांसाठी जुन्याच नक्षीचे टायर मुद्दाम बनवतात, ते शौकिनांना लागतात. एकाचे १६० पौंड. म्हणजे आपले अठराएक हजार रुपये, बसवण्याचे वेगळे. आणि हे कशासाठी, तर डिकीत आडवा झोपवून वर फळी टाकायला! मी विचारलं, बघणार कोण? "जाणकार बघतात," म्हणाले. कुणाच्या डिकीची फळी उचलून बघतात हे जाणकार? त्याच मापाचा साधा १५५/८० आर १३ बावन्न पौंडांना मिळत होता. बाकीचे चार तेच आहेत. मी तो घेतला. परवा जेवताना "मीठ दे"पलीकडे संभाषण झालं नाही.

जुना टायर टाकायला गेलो तर नगरपालिकेच्या कचरा केंद्रावर आधी वेळ घ्या, मग इथेच राहता याचा कागद दाखवा, मग टायरचे वेगळे पैसे भरा. तोवर तो मागीलदारी पडून आहे. राजापुरात एव्हाना कुणीतरी त्यात अळू लावलं असतं.

टायर आला तरी डिस्क नाहीच. त्यावर तुमचा फोन, "तात्यांच्या हेराल्डची स्टेपनी पडवीत आहे, पार्सल करू का?" आईला हसू आलं, इकडे जावईही हसले. मी हसले नाही, कारण तुम्ही बरोबर बोलत होतात. मद्रासला १९६१ पासून निघायची ती स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे इथल्या ट्रायम्फ हेराल्डचीच आवृत्ती, आणि १९६२ ची पहिली स्पिटफायर हेराल्डचीच चासी आखूड करून बनवलेली. दोन्हींची आखणी मिकेलोत्ती ह्या एकाच इटालियन गृहस्थाची. दोन्हींना चार नट, नटांचं वर्तुळ पावणेचार इंचांचं, डिस्क तेरा इंची. ट्रायम्फच्या ह्या दोन्ही गाड्या जिथे बनायच्या तो कॅन्लीचा कारखाना आमच्या घरापासून जवळच होता. १९८० साली तिथे गाड्या जोडणं बंद झालं. तात्या जवाहर चौकात एका दमात गाडी वळवायचे आणि एसटीचे ड्रायव्हर बघत राहायचे, ती करामत तात्यांची नव्हती. ती गाडीच पंचवीस फुटांत वळते. हे तात्यांनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही.

अणुस्कुऱ्याच्या घाटात पंक्चर झालेलं तुम्हाला आठवतंय का? दादाने चाकामागे दगड लावला, तुम्ही पाना मारत होतात आणि तात्यांनी चारही नट माझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकले. "एक जरी हरवलास तर तुला इथेच ठेवून जाऊ, माकडं सांभाळतील." मी कोल्हापूर येईपर्यंत ओचा सोडला नव्हता, नट केव्हाच बसवले होते तरी. परवा अंगणात चाक उतरवताना जावयांनी मागे न बघता नट माझ्याकडे दिले. थंडगार, ग्रीसचे, तेवढेच जड. मी ओढणीत धरले. "दे आता," ते दोनदा म्हणाले. मला देववेनात. मग सर्दी झालीय म्हणून आत गेले. मे महिन्यात सर्दी, पण इथे खपून जातं.

असो. चटणी करपेल.

तर अण्णा, ती डिस्क पाठवू नका. टपाल डिस्कपेक्षा महाग पडेल, इथे जुन्या भागांच्या बाजारात चाळीस पौंडांत मिळते. शिवाय हेराल्डची डिस्क इथे साडेतीन इंच रुंदीची यायची, आमच्या स्पिटफायरची साडेचारची आहे, आणि १५५ चा टायर साडेतिनावर नीट बसत नाही. पण जावयांना हे माझ्याकडून पटत नाही, तुमच्याकडून पटेल. म्हणून आईचा शिवणाचा टेप घ्या. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, ९५ मिलिमीटर भरायला हवं. मग रुंदी आतून मोजा, टायर जिथे टेकतो तिथली. बाहेरची कड धरू नका. कोंबडी अजून त्यातच बसत असेल तर ती उठेपर्यंत थांबा. घाई नाही.

गंगा आली म्हणून काकू उन्हाळे गावी दोनदा आंघोळ करून आली हे वाचलं. पहिल्या वेळचं पुण्य सोयरिकीच्या बातम्यांत खर्च झालं असणार. आगोट जवळ आलीय, कौलं शाकारायला ह्या वर्षी तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका, दादाला सांगितलंय. आणि पुराचं पाणी चौकात आलं की बघायला जायचं ते पुलाअलीकडूनच.

आईला शि. सा. न. बाळूला टायर बघायला सांगा.

तुमची,
माई

ता. क. अण्णा, पत्र आईला वाचून दाखवाल तेव्हा एवढं गाळा. पार्सलातल्या दोन राजापुरी पंचांपैकी एक जावयांनी गाडी पुसायला घेतलाय. म्हणतात, असं फडकं इथे कुठल्याच दुकानात मिळत नाही. पुढच्या वेळी चार पाठवा, पण आईला सांगा की त्यांना अंग पुसायला फार आवडले.