बंदोबस्तवाले मामासाहेब

कोंबड्या पाळणारे लोक दोन प्रकारचे. काही अंड्यांसाठी पाळतात, काही बंदोबस्तासाठी. आमचे मामासाहेब दुसऱ्या प्रकारातले. असा एखादा तुमच्याही नात्यात असेल. त्याच्याकडे कोंबड्या नसतील तर गच्चीवरची टाकी असेल, नाहीतर दारातला आंबा. राखणं महत्त्वाचं, काय राखायचं ते नंतर ठरतं.

मामासाहेबांचं घर जुन्या उज्जैनीत. पूर्वज राणोजी शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात उतरले, असं घरात सांगतात. "१८१० साली दौलतरावांनी मुक्काम ग्वाल्हेरला हलवला, तेव्हापासून या गावाचा बंदोबस्त ढिला पडला," हे वाक्य मामासाहेब अशा सुरात बोलतात की तंबूच्या खुंट्या अजून अंगणात पडल्या असाव्यात. मध्ये त्यांनी एका सरकारी खात्यात इमानानं नोकरी केली, पण तिथे राखण्यासारखं काही हाती आलं नाही. निवृत्तीनंतर झाबुआहून कडकनाथ आणले आणि घराण्याला पुन्हा मोहीम मिळाली.

कडकनाथ म्हणजे तिकडच्या आदिवासी पाड्यांवरची कोंबडी. पिसं काळी, तुरा काळा, मांससुद्धा काळं. तिकडे तिला कालामासीच म्हणतात. २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण मामासाहेबांनी देवघराच्या दारावर चिकटवलंय. सात कोंबड्या, एक कोंबडा, आणि एक साधी तांबडी गावरान. ही गावरान का, तर कडकनाथ मादी अंड्यावर बसायला फारशी राजी नसते. तिची अंडी दुसरीच्या पोटाखाली सरकवावी लागतात. एकवीस दिवस ती तांबडी बाई दुसऱ्यांची काळी पोरं उबवते. घरात मामींच्या खालोखाल मान तिचाच.

मामासाहेबांचा दिवस भस्म आरतीच्या वेळेला सुरू होतो. गाव महाकाळाकडे धावत असतं, हे बॅटरी घेऊन परसात. पहाटे चारला ते खुराड्याच्या कड्या तपासतात, जाळीवरून बोटं फिरवतात, मातीत कुणाचे पाय उमटलेत का ते वाकून बघतात. पण खरा सोहळा तिन्हीसांजेचा. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे ती आपणहून खुराड्यात शिरते. माणसानं फक्त मोजायचं आणि दार लावायचं. पण कातरवेळेला आठ काळी पाखरं मोजायची कशी? त्यातली दोन आत जाऊन पुन्हा बाहेर येतात. कधी सात भरतात, कधी दहा. दहा भरले की मामासाहेब जास्त अस्वस्थ होतात.

यात त्यांची सर्वांत भरवशाची शिलेदार म्हणजे शेजारच्या जैन काकी. कांदासुद्धा न खाणाऱ्या या बाई रोज संध्याकाळी गच्चीवर उभ्या राहून गणती करतात. मामासाहेब इंदूरला लग्नाला गेले की सूर्य कलताच त्यांचा हात फोनकडे जातो. इकडे अंतरपाट धरलेला, भटजी सूर लावतायत, आणि हे मांडवाच्या कोपऱ्यात कानाला फोन लावून उभे. पलीकडून काकी ओरडतात, "भाईसाब, नौ पूरी हो गईं! आप तो आराम से जीमो!" मग कुठे अक्षता पडतात, त्याही मागून.

त्यांचं ब्रीद एकच: "जिथून डोकं जातं, तिथून धड जातं." कोणतीही फट दिसली की ते आधी अंगठा घालतात, मग दोन बोटं, मग मान हलवतात. २०१६ च्या सिंहस्थात लोक रामघाटावर डुबकी मारत होते, तेव्हा मामासाहेब कठड्याच्या गजांत बोटं घालून बघत होते. तिथला शिपाई आधी चिडला, मग त्याच्याही गावाकडे कोंबड्या निघाल्या.

जाळीवर तर ते तासभर बोलतात. बाजारात कोंबडीची म्हणून जी षटकोनी जाळी मिळते ती त्यांच्या मते शुद्ध फसवणूक. "ती कोंबडी आत ठेवायला असते रे, शत्रू बाहेर ठेवायला नाही. कुत्रा दातानं फाडतो, मुंगूस फटीतून घुसतं." म्हणून यांची वेल्डेड जाळी, अर्ध्या इंचाच्या चौकटीची, जमिनीखाली फूटभर पुरलेली आणि खाली बाहेरच्या अंगाला वळवलेली. खणणारा प्राणी भिंतीच्या बुडाशी खणतो, जाळीवर नख लागतं, आणि दोन पावलं मागे सरून खणावं हे त्याच्या डोक्यात येत नाही. हे सांगताना मामासाहेबांच्या चेहऱ्यावर पानिपतचा वचपा काढल्याचं समाधान असतं.

पण उज्जैनीत कोंबडी राखणं सोपं नाही, कारण इथे प्रत्येक शत्रूच्या पाठीशी एकेक देव उभा आहे. कुत्र्याला दगड मारावा, तर तो काळभैरवाचं वाहन. शिक्रा झेपावतो, तर मामी त्याला गरुडाचे भाऊबंद म्हणतात. मुंगूस दिसलं की मामासाहेब काठी शोधतात आणि मामी हात जोडतात, कारण मुंगसाचं दर्शन शुभ. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदाही मुंगसाच्याच बाजूचा. मामासाहेब तो कायदा पाळतात, पण सरकार फितूर आहे असं म्हणून पाळतात. एका श्रावणात अंड्यांच्या टोपलीत धामण सापडली तेव्हा मामी म्हणाल्या, "महाकाळाच्या वरच्या मजल्यावर नागचंद्रेश्वराचं दार वर्षातून एकदा, नागपंचमीला उघडतं. लोक रात्रभर रांग लावतात. तुमच्याकडे देव चालत आलाय आणि तुम्ही चिमटा काय मागता?" मामासाहेबांनी सर्पमित्राला बोलावून देवाला पोत्यातून रवाना केलं. "कोंबडा कार्तिकेयाच्या झेंड्यावर असतो," ते जाता जाता म्हणाले. "महाकाळाला पोरगाही आहे म्हणावं."

कोंबड्याची भाषा त्यांना येते असा त्यांचा दावा आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. आकाशातून शिकारी आला तर कोंबडा एक हाक देतो, जमिनीवरून आला तर वेगळी. अभ्यासकही हेच सांगतात. मामासाहेबांना दोन्ही हाका काढता येतात. एकदा शेजारच्या गल्लीत वरात निघाली आणि चित्रीकरणाचा ड्रोन परसावरून घरघरत गेला. कोंबड्यानं आकाशाची हाक दिली, सगळ्या कोंबड्या जास्वंदीखाली दडल्या, आणि मामासाहेबही सवयीनं पडवीत शिरले. मग भानावर येऊन वरातीसमोर जाऊन उभे राहिले. भांडण होणार असं वाटत होतं. तासाभरानं ते हातात गुलाबजामची वाटी घेऊन परतले.

जानेवारी २०२१ मध्ये इंदुरात कावळे मरून पडले, बर्ड फ्लूची बातमी आली, तेव्हा मात्र मामासाहेब खरंच घाबरले होते. आवाज खाली आला होता, जेवण कमी झालं होतं. खुराड्यावर कापड ताणलं आणि फाटकाशी औषधी पाण्याचं घमेलं ठेवलं: येणाऱ्यानं आधी पाय बुडवायचे. नेमके त्याच आठवड्यात नवे जावई आले. मामासाहेबांनी त्यांचे बूट काढवले, स्वतः खाली बसून दोन्ही पाय घमेल्यात घातले, चोळून धुतले. जावई सद्गदित झाले. हल्ली असा मान कुठे मिळतो, असं ते आजही चारचौघांत सांगतात. खरी हकिगत त्यांना कुणी सांगितलेली नाही.

आणि रविवारी मामासाहेब पिशवी घेऊन बाजारातून ब्रॉयलर आणतात. परसात मानांकन मिळालेली कोंबडी, आणि पातेल्यात ही पांढरी! मी एकदा तसं म्हणालो, तर ते दुखावले. "अरे, एवढ्यांच्या तावडीतून वाचवल्या त्या काय आपण खायला?"

परवाच्या रविवारी रश्श्याचा पहिला घोट घेतला आणि परसात कोंबड्यानं जमिनीवरची हाक दिली. मामासाहेब उष्ट्या हातानंच काठी घेऊन धावले. मामींनी शांतपणे त्यांचं ताट झाकलं, आमच्या ताटांतली हाडं एका बशीत गोळा केली आणि पुढच्या दाराची कडी काढली. पायरीवर एक तगडा पिवळा बोका आधीच बसला होता.

"षष्ठीदेवीचं वाहन आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि भरल्या पोटानं तिकडे जात नाही तो. यांना सांगू नकोस."