आमच्या शिवारात बिघडलेला ड्रोन

हल्ली रांजणगावच्या कारखान्यांपासून दौंडच्या उसापर्यंत जो तो विक्रेता छाती फुगवून सांगतो, ‘आमचं यंत्र शिकतं.’ शिकू दे बापडं. शिक्षणाला आमचा विरोध नाही.

यंत्राने दणका दिला की मात्र पंचाईत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सदोष मालाच्या भरपाईसाठी अख्खं सहावं प्रकरण आहे. त्याच्या शेवटच्या 87व्या कलमानुसार, इजा झाली तेव्हा मालाचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झालेला असेल, तर विक्रेत्यावर दावा नाही. फेरफार कोणी केलेला, हे कलम सांगत नाही. आणि शिकणारं यंत्र तर रोजच बदलतं!

समजा, दौंडच्या बांधावर ड्रोनने उसातलं तणनाशक शेजारच्या कोथिंबिरीवर मारलं. विक्रेता म्हणणार, ‘दादा, आम्ही दिला तेव्हा त्याला एवढं येत नव्हतं.’ मग कोणी शिकवलं? ‘तुमच्याच शिवारात शिकला की!’ म्हणजे माल त्यांचा, संगत आमची वाईट. आता ग्राहक आयोगापुढे सिद्ध करा की ड्रोनचं कोथिंबिरीशी वैर जन्मजात होतं. साक्षीला कोण, शेजारच्या बांधावरचा गडी? त्यालाही विचारतील, तू त्याच्यासमोर कोथिंबिरीला शिव्या दिल्या होत्यास का?

रांजणगावात तर हसूही येत नाही. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम वाचा. मालकाने कामाच्या जागेसाठी यंत्र घेतलं आणि उत्पादकाने धोक्याची सूचना मालकाला दिली, की ‘पुरेशी सूचना दिली नाही’ या तक्रारीतून उत्पादक सुटला. सूचना केबिनच्या कपाटात, इंग्रजीत, प्लास्टिकच्या वेष्टणासकट. यांत्रिक हातासमोर उभं कोण? शिरूरच्या खोलीत चौघांत राहणारं कंत्राटी पोरगं. प्रेसखाली बोटं गेली की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून मोकळं व्हायची आपली जुनी रीत आहेच. उत्पादन वाढवायला सेन्सर बंद करायला कोणी सांगितलं, ते अहवालात कधीच उतरत नाही. आता निष्काळजीपणाच्या जोडीला ‘यंत्र स्वतःच शिकलं’ हेही लिहिता येईल. कामगार आणि यंत्र दोघं दोषी, कंपनीच्या पगारावरचा एकही नाही! लाज कशी वाटत नाही?

युरोपीय संघाने सदोष मालाबाबतच्या 2024च्या निर्देशात सॉफ्टवेअरला सरळ उत्पादन म्हटलं आणि दोष ठरवताना विक्रीनंतरचं शिकणंही हिशेबात धरलं. 9 डिसेंबर 2026 नंतर बाजारात येणाऱ्या मालाला तो नियम लागू. आपल्या कायद्यात निदान ‘ग्राहकाने केलेला’ फेरफार एवढं तरी लिहा. तेही जमत नसेल, तर विक्रेत्यांनी ‘यंत्र शिकतं’ म्हणून जास्तीचे घेतलेले पैसे परत करावेत.